घरात दिसलेला कोळी कोणता? चप्पल उचलण्याआधी एवढं पाहा

रात्री बाथरूमच्या भिंतीवर तळहाताएवढा कोळी दिसतो. कोणीतरी लगेच फोटो काढून सोसायटीच्या व्हॉट्सॲप ग्रुपवर टाकतं. पुढच्या पाच मिनिटांत तीन उत्तरं येतात : 'खूप विषारी असतो', 'चावला की मांस सडतं', 'हिट मारा'. कोळी कोणता आहे हे मात्र कुणीच सांगत नाही.

खरं तर 'विषारी आहे का?' या प्रश्नाने फारसं काही कळत नाही. मोजके अपवाद सोडले तर सगळ्याच कोळ्यांकडे विष असतं, कारण भक्ष्य गार करायला त्यांना ते लागतं. पण ते माशी, डास, झुरळ यांच्या मापाचं असतं. जगात कोळ्यांच्या ५०,००० हून जास्त जाती नोंदवल्या गेल्या आहेत आणि त्यातल्या अगदी थोड्या माणसाला गंभीर इजा करू शकतात. आपल्या घरात नेहमी दिसणारे कोळी त्यात नाहीत.

मग ओळखायचं कसं? रंगावर जाऊ नका, एकाच जातीत नर, मादी आणि पिल्लं वेगवेगळी दिसतात. त्यापेक्षा तो कुठे आहे, त्याचं जाळं कसं आहे आणि तो चालतो कसा, या तीन गोष्टी पाहा.

छताच्या कोपऱ्यात उलटा लटकलेला, काडीसारख्या पायांचा

माळ्यावर, बेसिनखाली, कपाटामागे विस्कटलेलं जाळं आणि त्यात एवढंसं शरीर, पाय मात्र लांबच लांब. इंग्रजीत याला 'सेलर स्पायडर' म्हणतात. ओळखायची सोपी खूण म्हणजे जाळ्याला हात लावला की तो अख्खा इतका जोरात थरथरतो की अंधुक दिसायला लागतो. मादी अंड्यांचा गोळा तोंडात धरून फिरते.

'हा जगातला सर्वात विषारी कोळी आहे, फक्त त्याचे दात आपल्या कातडीत शिरत नाहीत म्हणून आपण वाचतो', हे वाक्य रील्समध्ये सतत ऐकू येतं. त्याला काहीही शास्त्रीय आधार नाही. उलट तो डास खातो आणि इतर कोळीही खातो.

भिंतीवर सुसाट पळणारा, तळहाताएवढा

ग्रुपवर सर्वात जास्त घबराट याच्यामुळे होते. हा 'हंट्समन'. तपकिरी, चपटा, पाय खेकड्यासारखे बाजूला पसरलेले. पायांसकट ७ ते १२ सेंटीमीटर भरतो. तो जाळं विणत नाही. शरीर चपटं असल्याने दिवसा फोटोफ्रेममागे किंवा दाराच्या फटीत बसतो आणि रात्री शिकारीला निघतो. झुरळ हे त्याचं आवडतं खाणं. पोटाखाली पांढरी, चपटी गादीसारखी पिशवी दिसली तर ती मादी आहे आणि त्या पिशवीत अंडी आहेत.

हाताने पकडायला गेलात तर चावू शकतो आणि दुखतंही, पण जिवाला धोका नसतो.

खिडकीवर मान वळवून बघणारा छोटुकला

शेंगदाण्याहून लहान, केसाळ, थांबत थांबत चालणारा आणि टुणकन उडी मारणारा. हा उडी मारणारा कोळी म्हणजे 'जंपिंग स्पायडर'. त्याच्या आठ डोळ्यांपैकी समोरचे दोन मोठे, हेडलाइटसारखे असतात. त्याची नजर इतकी चांगली असते की तुम्ही बोट हलवलं की तो तुमच्याकडे वळून पाहतो. जाळं विणून वाट पाहण्याऐवजी तो माशीवर झेप घेतो.

या कुळाचं महाराष्ट्राशी एक खास नातं आहे. ठाण्यात सापडलेल्या एका नव्या जातीला २०२१ मध्ये 'आयशियस तुकारामी' हे नाव देण्यात आलं. २६/११ च्या हल्ल्यात कसाबला जिवंत पकडून देताना शहीद झालेले पोलीस अधिकारी तुकाराम ओंबळे यांच्या स्मरणार्थ.

भिंतीवर चिकटलेले पांढरे ठिपके

रंगकाम खराब झालं असं वाटावं असे छोटे, चपटे, पांढरे ठिपके भिंतीवर दिसतात. जवळून पाहिलं तर ती रेशमाची छोटी चादर असते आणि तिच्याखाली दोन-तीन मिलिमीटरचा कोळी राहतो. तो प्रामुख्याने मुंग्या खातो. फडक्याने पुसलं की काम झालं, औषध मारायची गरज नाही.

गॅलरीतल्या कुंड्यांमध्ये 'एक्स' काढून बसलेला

गोल, नीटनेटकं जाळं, त्यावर पांढरी नागमोडी नक्षी आणि मधोमध पाय जोडीजोडीने पसरून बसलेली मादी. हा 'सिग्नेचर स्पायडर'. बागेतला आहे, घरात शिरत नाही.

मग जपायचं कुणापासून?

पहिला 'ब्राउन विडो'. पुण्यासह भारतात काही ठिकाणी याची नोंद आहे. हा भिंतीवर फिरत नाही, तर प्लॅस्टिकच्या खुर्चीखाली, रिकाम्या कुंडीत, मीटरच्या पेटीत लपून राहतो. पोटाच्या खालच्या बाजूला केशरी-लालसर, डमरूसारखी खूण असते. पण त्याहून सोपी ओळख म्हणजे त्याची अंड्यांची पिशवी. ती धोत्र्याच्या फळासारखी काटेरी असते, फक्त वाटाण्याएवढी. अशी पिशवी दिसली तर तिथे उघडा हात घालू नका.

दुसरा टॅरंट्युला. सह्याद्रीच्या आसपासच्या घरांत पावसाळ्यात कधीतरी जाडजूड, केसाळ पायांचा, सावकाश चालणारा कोळी येतो. तो बहुधा मादीच्या शोधात बिळाबाहेर पडलेला नर असतो. त्याला हात लावू नका, चावा चांगलाच दुखतो.

आणि 'मांस सडवणारा' म्हणून फॉरवर्ड होणारा 'ब्राउन रेक्लूज'? तो अमेरिकेच्या मध्य आणि दक्षिण भागातला आहे. तुमच्या बाथरूममधला तो नव्हे.

'अंगावरून कोळी गेला' म्हणतात, तेव्हा बहुतेकदा कोळी नसतोच

सकाळी उठल्यावर मानेवर किंवा हातावर लाल, भाजल्यासारखा पट्टा आणि त्यावर फोड. घरातले म्हणतात, कोळी फिरला. प्रत्यक्षात यामागे बऱ्याचदा वेगळंच कारण असतं.

एक म्हणजे 'रोव्ह बीटल' नावाचा किडा. लांबट, केशरी-काळा, मुंगीसारखा दिसणारा. पावसाळ्यात तो दिव्याकडे येतो. तो चावत नाही, पण अंगावर चिरडला की त्याच्यातला द्राव कातडी पोळवतो. म्हणून तो अंगावर बसला तर फुंकर मारून उडवा. चिरडला गेलाच तर ती जागा साबण-पाण्याने धुवा.

दुसरं कारण जास्त महत्त्वाचं आहे : नागीण. कांजिण्यांचा विषाणू अनेक वर्षांनी पुन्हा डोकं वर काढतो आणि शरीराच्या एकाच बाजूला पट्ट्यासारखे दुखरे फोड येतात. यावरची औषधं पुरळ उठल्यापासून ७२ तासांच्या आत सुरू केली तर सर्वात जास्त उपयोगी पडतात. 'कोळी फिरलाय, लेप लावू' म्हणण्यात तीन दिवस गेले तर नुकसान पेशंटचं होतं. फोड डोळ्याजवळ असतील तर नजरेलाही धोका असतो, म्हणून त्याच दिवशी डॉक्टर गाठा.

चुकीचे उपाय किती महागात पडू शकतात हे २०१२ मध्ये आसाममधल्या सादिया इथे दिसलं. कोळी चावल्याने दोघांचा मृत्यू झाल्याच्या बातम्या देशभर पसरल्या. पण त्यांच्या जखमा मांत्रिकाने ब्लेडने कापल्या होत्या आणि शवविच्छेदन झालं नव्हतं. त्यामुळे मृत्यू विषाने झाला की जखमेतल्या संसर्गाने, हे ठरवताच आलं नाही.

खरंच चावला तर?

जागा साबणाने धुवा, फडक्यात बर्फ गुंडाळून शेका. कापू नका, चोखू नका, चुना लावू नका. स्नायू आखडणं, दरदरून घाम, श्वासाला त्रास किंवा सूज वाढत जाणं यापैकी काहीही दिसलं तर थेट हॉस्पिटल. चावलेला कोळी सापडला तर त्याचा फोटो सोबत न्या.

आणि घराबाहेर कसा काढायचा?

त्याच्यावर ग्लास उपडा ठेवा, खालून जाड कागद सरकवा आणि गॅलरीच्या पलीकडे किंवा झाडापाशी सोडून द्या. धूळ बसलेली जळमटं झाडूने काढा, ती बहुतेकदा रिकामीच असतात. कोळी वारंवार दिसत असतील तर घरात त्यांना खायला मुबलक किडे आहेत असं समजा. झुरळं आणि डास कमी झाले की कोळीही कमी होतात.

ग्रुपवर फोटो टाकायचाच असेल तर तीन टाका : वरून अख्खा कोळी, त्याचं जाळं आणि समोरून चेहरा. सोबत गाव आणि जागा लिहा. तेच फोटो 'आयनॅचरलिस्ट' या मोफत ॲपवर टाकले तर कोळ्यांचे जाणकार ओळख पटवायला मदत करतात.