जीपची चाकं घरच्या ट्रेलरला बसतात का?

अमेरिकेत बरेच जीप रँग्लरवाले कॅम्पिंगसाठी घरीच वेल्डिंग करून ट्रेलर बनवतात आणि त्याला जीपचीच चाकं लावतात. कारण सोपं आहे: रानात पंक्चर झालं तर एकच स्टेपनी दोन्हींना चालते. पण पाच भोकं दिसली म्हणजे चाक बसलंच, असं नाही!

खरा खेळ पीसीडीचा, म्हणजे नटांच्या भोकांच्या मध्यांतून जाणाऱ्या वर्तुळाच्या व्यासाचा. १९९७ ते २००६ च्या रँग्लरचा पीसीडी ११४.३ मिमी आहे, तिथल्या बऱ्याच ट्रेलर हबचाही तोच. २००७ पासूनच्या मॉडेलचा मात्र १२७ मिमी. मोजायचं कसं? शेजारच्या दोन भोकांच्या मध्यांमधलं अंतर घ्या आणि फोनच्या कॅल्क्युलेटरवर ०.५८८ ने भागा. अंतर ६७ मिमीच्या आसपास असेल तर ११४.३, साधारण ७४.६ असेल तर १२७.

जुळत नसेल तर नट तिरके आवळून जबरदस्ती करू नका, चालत्या गाडीत चाक निखळू शकतं. त्याच एक्सलवर बसणारा १२७ चा हब मिळतो, तो घ्या.

हब जुळला की लोक निर्धास्त होतात आणि ऑफसेटमध्ये फसतात. नव्या रँग्लरच्या मूळ चाकाचा ऑफसेट सुमारे ४४ मिमी, साध्या ट्रेलर चाकाचा बहुधा शून्य. म्हणजे टायर तेवढा आत सरकतो, वर रुंद असला तर थेट फ्रेमला घासतो. म्हणून एक्सलची लांबी आधी नाही, चाक हातात आल्यावर ठरवा.

नट समोरासमोरच्या क्रमाने टॉर्क रेंचने आवळा. पहिल्या ८० किलोमीटरमध्ये थांबून पुन्हा तपासा, नवे नट थोडे सैल होतातच.