रानफुलांची गणती कोण करणार?

वाघांची गणती दर चार वर्षांनी देशभर होते, तिचे आकडे जाहीर होतात आणि त्यांवर वादही झडतात. ते योग्यच आहे. परंतु ज्या अभयारण्यात वाघ वावरतो, तेथेच पावसाळ्यात उमलणाऱ्या तेरड्याची, गेंदाची वा सीतेच्या आसवांची प्रकृती कशी आहे, हे सहसा कोणी विचारीत नाही. कायद्यालाही वनस्पतींची आठवण उशिराच झाली. वन्यजीव संरक्षण कायदा १९७२ चा. त्यात वनस्पतींसाठी स्वतंत्र प्रकरण आले ते १९९१ साली.

हा प्रश्न केवळ वनस्पतिशास्त्रज्ञांचा आहे, अशी समजूत मुरगावकरांनी तरी करून घेऊ नये. आमच्या बंदरात उतरणारा कोळसा कर्नाटकातील पोलाद कारखान्यांकडे जातो तो मोलेच्या भगवान महावीर अभयारण्यातील लोहमार्गाने. त्यातील कॅसलरॉक ते कुळे टप्प्याच्या दुपदरीकरणाला वन्यजीव मंडळाने दिलेली मान्यता सर्वोच्च न्यायालयाने मे २०२२ मध्ये रद्द केली. तथापि जैवविविधतेवरील परिणामांचा सविस्तर अभ्यास करून नवा प्रस्ताव मांडण्याची मुभा ठेवली. उद्या तसा प्रस्ताव आलाच, तर आज तेथे काय आहे याची विश्वासार्ह नोंद हाती हवी. ज्याची मोजदाद नाही, ते नष्ट झाल्याचे सिद्ध तरी कसे करणार?

फुलझाडांच्या याद्या म्हणजे प्रकृतिपरीक्षा नव्हे. बहरही फसवा असतो. तेरडा पावसाच्या लहरीप्रमाणे एका वर्षी उदंड, तर दुसऱ्या वर्षी विरळ दिसतो. कारवी तर कित्येक वर्षांनी एकदाच फुलते. म्हणून ठरावीक चौकटी आखून, दरवर्षी त्याच जागी, झाडे किती, फुलली किती, बी किती धरले आणि नवी रोपे किती उगवली, हे मोजावे लागते. फुले आहेत पण रोपे नाहीत, तर ते वन आतून रिते होत आहे असे समजावे. रानमोडी व घाणेरी कोठवर पसरली, याचीही नोंद हवी. मार्च २०२३ मध्ये म्हादई अभयारण्यात ठिकठिकाणी आगी लागल्या. अशा आगीनंतर कोणते फूल परतले नाही, हे आधीची मोजणी असेल तरच सांगता येते.

वनखात्याने हे काम महाविद्यालयांच्या साह्याने दर पावसाळ्यात हाती घ्यावे, आणि चवथीच्या माटोळीसाठी रान पालथे घालणाऱ्या ग्रामस्थांना त्यात मानाने सामील करून घ्यावे. कोणते फूल कोठे दुर्मिळ झाले, हे त्यांच्याइतके कोणास ठाऊक असणार? आमच्या मुरगावचा सडा घरांनी व रस्त्यांनी व्यापला, नाव तेवढे मागे उरले. मोलेच्या रानाचे तसे होऊ नये.