माडावर चढण्याचे यंत्र : फास कसा बसवावा, सुरक्षा दोर कसा बांधावा

कोकणात नारळ पाडणारा माणूस मिळणे दिवसेंदिवस कठीण होत आहे. जुने पाडेली थकले आणि त्यांची मुले या कामात उतरली नाहीत. त्यामुळे अनेक बागायतदार आता चढण्याचे यंत्र विकत घेऊन स्वतः किंवा घरच्या मुलाकडून नारळ पाडून घेतात. यंत्र शिकायला सोपे आहे, दोन-तीन दिवसांत हात बसतो. अडचण त्यानंतर सुरू होते. हात बसला की भीती जाते, आणि भीती गेली की सुरक्षा पट्टा घरी राहतो.

यंत्राची गरज केवळ मजुरांच्या टंचाईमुळे नाही. चढायला सोपे जावे म्हणून माडाच्या खोडात खाचा पाडण्याची पद्धत अजून बऱ्याच ठिकाणी दिसते. आंब्या-फणसाच्या सालीवरची जखम हळूहळू भरून येते, माडाची येत नाही. माडाच्या खोडात नवी साल तयार करणारा थर नसतो, त्यामुळे आज पाडलेली खाच झाड जगेल तोपर्यंत तशीच राहते. तिच्यात पाणी साचते, खोड कुजते, तपकिरी रस गळण्याचा रोग शिरतो आणि जखमेच्या वासाने सोंड्या भुंगा अंडी घालायला येतो. खाचा पाडलेल्या माडावर चढणेही शेवटी धोक्याचेच, कारण खाचेची कड कुजलेली आहे हे पाय ठेवल्यावरच कळते. ज्यांच्या बागेत अशा खाचा आहेत त्यांनी निदान नव्या पाडू नयेत.

यंत्र खोडाला कसे धरते

आपल्याकडे जास्त वापरात असलेले उभ्याने चढायचे यंत्र केरळमधील कण्णूर जिल्ह्यातील चेम्पेरी गावच्या एम. जे. जोसेफ ऊर्फ अप्पच्चन या शेतकऱ्याच्या कल्पनेतून आले. २०११ मध्ये नारळ विकास मंडळाने केरळात 'फ्रेंड्स ऑफ कोकोनट ट्री' हे प्रशिक्षण सुरू केले आणि यंत्राने चढणाऱ्या तरुणांची एक फळीच तयार झाली. बसून चढायचे यंत्रही मिळते. ते सावकाश चालते, पण नवख्याला बरे.

उभ्या यंत्राचे दोन भाग असतात, एक डाव्या पायाचा आणि एक उजव्या पायाचा. प्रत्येक भागाला पाय ठेवायची पायरी, हाताने उचलायची मूठ आणि खोडाभोवती जाणारा तारेचा फास असतो. पायरीवर वजन पडले की ती पुढून खाली दबते, खोडामागचा फास ताणला जातो आणि रबराचा ठोकळा खोडावर रुततो. वजन जितके जास्त, पकड तितकी घट्ट. पाय हलका करून मूठ वर उचलली की फास सैल होतो आणि तो भाग वर सरकतो. म्हणजे पकड यंत्राची नाही, तुमच्या वजनाची आहे. ज्या पायरीवर वजन नाही, ती पायरी खोडाला धरून आहे असे कधीही समजू नये.

फास बसवताना

माडाचा बुंधा तळाशी फुगीर असतो. फास त्या फुगवट्यावर न बसवता त्याच्या वर, साधारण गुडघ्याच्या उंचीवर बसवावा. त्याआधी खोडावरचे शेवाळ, वेली, सुटे खवले हाताने काढून टाकावेत. फासाचा अडकवण्याचा खिळा किंवा आकडा पूर्ण आत गेला आहे ना, हे डोळ्याने न बघता बोटाने चाचपून पाहावे.

फास किती घट्ट असावा, हे पायरीच्या कलावरून ओळखायचे. रिकामी पायरी पुढून थोडी वर उचललेली दिसली पाहिजे, आणि वजन दिल्यावर ती साधारण आडवी यायला हवी. वजन देताच पायरी पुढून खाली झुकली तर फास सैल आहे, पाय घसरणार. उलट फास फार आवळला तर भाग वर सरकत नाही, माणूस हिसके देतो आणि हिसक्यात तोल जातो.

नवखे लोक हमखास चुकतात ते पुढच्या गोष्टीत. माडाचे खोड वर बारीक होत जाते. खाली बरोबर बसलेला फास वर जाता जाता सैल पडू लागतो आणि पायरी हळूहळू झुकते. त्या झुकत्या पायरीवर उरलेला थोडा भाग चढून जाण्याचा मोह आवरावा. खाली उतरून फास एक घर आवळावा आणि पुन्हा चढावे. उंच बाणवली माडावर हे त्रासाचे वाटते, पण वर अधांतरी फास सोडून जुळवण्याचा प्रयत्न कधीच करू नये.

चढण्यापूर्वी जमिनीपासून हातभर उंचीवर दोन्ही पायऱ्यांवर उभे राहून चार-पाच वेळा पूर्ण वजन टाकून पाहावे. कुठे सरकत असेल तर ते तिथेच कळू दे. चढताना दोन्ही फास एकाच खोडाभोवती असल्याने ते एकमेकांना ओलांडू शकत नाहीत. वरचा भाग कायम वर, खालचा कायम खाली. एका वेळी एकच भाग, वीतभर किंवा त्याहून थोडा जास्त सरकवावा. उतरताना हाच क्रम उलटा, घाई न करता. हात भरून आलेले असतात, तेव्हाच लांब टप्पे टाकले जातात.

यंत्र पडू देत नाही, हा गैरसमज

उभ्या यंत्रात पाय अडकलेले असतात, शरीर मोकळे असते. चक्कर आली, गांधीलमाशी चावली, कोयता निसटला, तर माणूस मागे कोसळतो. म्हणून यंत्रापासून पूर्णपणे वेगळा असा सुरक्षा दोर लागतोच.

पट्टा खांदे, छाती आणि मांड्या धरणारा, पूर्ण अंगाचा घ्यावा. त्यावर आयएस ३५२१ या भारतीय मानकाची खूण पाहावी. नुसत्या कमरपट्ट्यावर पडणे म्हणजे पोटाला आणि कण्याला इजा. पट्ट्यापासून निघणारा दोर खोडाभोवती नुसता सैल वळसा घालून ठेवला तर त्याचा उपयोग नाही. पडताना तो वळसाही तुमच्याबरोबर खोडावरून घसरत खाली येईल. दोर ओढ बसताच खोडावर आवळला जाईल अशा सरकफासाच्या रचनेचा असावा आणि तो नेहमी छातीच्या वर ठेवावा, दर दोन-तीन टप्प्यांनी हाताने वर सरकवत न्यावा. कपडे वाळत घालायची नायलॉन दोरी किंवा घरचे सुंभ या कामाला चालत नाही.

शेंड्याशी पोहोचल्यावर आधी दोर खोडालाच आवळून घ्यावा, मगच कोयत्याला हात लावावा. झावळीच्या देठाला दोर बांधू नये, हिरवी दिसणारी झावळीही तळाशी सुटलेली असू शकते. पेंड कापताना दोर कोयत्याच्या वाटेत येत नाही ना, हे पाहावे.

केव्हा चढू नये

पाऊस पडून गेल्यावर खोड वरून वाळलेले दिसले तरी शेवाळ ओलेच असते. पावसाळ्यात नारळ पाडायचेच असतील तर सलग उघडीप मिळाल्यावर. फार कललेल्या माडावर, खोडातून रस गळणाऱ्या किंवा पोकळ आवाज येणाऱ्या माडावर यंत्र लावू नये. वीजवाहिनी झावळ्यांच्या जवळून जात असेल तर यंत्र तर नकोच, तो माड वीज कंपनीला कळवून पुरवठा बंद केल्याशिवाय पाडायचाच नाही. ओली झावळी तारेला टेकली की पुरे. गांधीलमाश्यांचे पोळे खालून दिसत नाही, म्हणून आदल्या दिवशी सकाळी चारही बाजूंनी शेंडा न्याहाळावा.

एकट्याने कधीच चढू नये. खाली असणाऱ्याने पेंडी पडण्याच्या जागेपासून दूर उभे राहावे. त्याच्याजवळ मोबाइल असावा. कोणी पट्ट्याला लटकून राहिला तर काही मिनिटांतच पायांत रक्त साचून तो बेशुद्ध होऊ शकतो, त्यामुळे त्याला पाय हलवत राहायला सांगावे आणि दुसरे यंत्र असलेल्या जाणकाराला लगेच बोलवावे. असे दुसरे यंत्र वाडीत कोणाकडे आहे, हे आधीच ठाऊक हवे. जमिनीवर पडलेल्याला हातपाय धरून उचलू नये. १०८ ला फोन करावा, मान आणि पाठ हलू देऊ नये.

कृषी विस्तार कर्मचाऱ्यांनी प्रात्यक्षिकात यंत्र दाखवताना पट्टा आणि दोरासहच दाखवावे. बिनपट्ट्याचे प्रात्यक्षिक पाहिलेला शेतकरी घरी जाऊन तसेच चढतो. नारळ विकास मंडळाची चढणाऱ्यांसाठी 'केरा सुरक्षा' ही विमा योजना आहे, तिच्या सध्याच्या अटी मंडळाकडून विचारून घ्याव्यात. यंत्राबद्दल शंका असल्यास रत्नागिरीजवळील भाट्ये येथील प्रादेशिक नारळ संशोधन केंद्र किंवा जवळच्या कृषी विज्ञान केंद्राशी बोलावे.

काम संपल्यावर तारेचा फास कापडाने पुसून तेलाचा हात द्यावा, किनाऱ्यालगतच्या खाऱ्या हवेत तो लवकर गंजतो. एकही धागा तुटलेला दिसला की फास बदलावा. रबर झिजून गुळगुळीत झाले तरी तेच. पट्टा उन्हात किंवा रॉकेल, बॅटरीचे पाणी, फवारणीची औषधे ठेवतात त्या खोलीत टांगू नये. आणि ज्या पट्ट्याने, ज्या दोराने एकदा पडत्या माणसाला धरले आहे, तो दिसायला नवा असला तरी कापून टाकावा, म्हणजे तो पुन्हा कोणी उचलून वापरणार नाही.