इस्टेट एजंटांनो, वेबसाइटचाही हिशेब ठेवा!

घर, गाळा किंवा प्लॉट यांच्या दलालीचा धंदा एकेकाळी नाक्यावरच्या ओळखीवर, दुकानाबाहेरच्या काळ्या फळ्यावर आणि वर्तमानपत्रातील तीन ओळींच्या छोट्या जाहिरातीवर चालत असे. ओळखीची किंमत आजही कमी झालेली नाही. परंतु गिऱ्हाईक आता दुकानाची पायरी चढण्यापूर्वीच मोबाइलवर चार ठिकाणचे भाव पाहून आलेले असते. ९९एकर्स हे संकेतस्थळ २००५ साली निघाले, मॅजिकब्रिक्स २००६ साली. घरमालक आणि भाडेकरू यांची परस्पर गाठ घालून देणारे नोब्रोकर २०१४ साली आले आणि दलालाच्या पोटावरच त्याने हात ठेवला. या मोठ्या कंपन्यांपुढे टिकायचे तर आपलीही वेबसाइट हवी, असे मुंब्रा-कौसा, मीरा रोड, भिवंडी, कोंढवा येथील लहानसहान एजंटांनाही वाटू लागले आणि त्यांनी ती करून घेतली. हे योग्यच झाले.

प्रश्न पुढचा आहे. दुकानाचे भाडे, विजेचे बिल, पोऱ्याचा पगार यांचा पै-पैचा हिशेब ठेवणारा आपला व्यापारी वेबसाइटवर दरमहा जाणाऱ्या पैशांचा हिशेब मात्र विचारीत नाही. वेबसाइट सांभाळणारा माणूस महिन्याच्या अखेरीस रंगीत आलेखांचा एक कागद आणून देतो, त्यावर मोठे आकडे असतात, आणि चेक दिला जातो. त्या आकड्यांतून एक तरी घर विकले गेले काय, हे कोणी पाहत नाही. ते कसे पाहावे, हे सांगण्यासाठी हा लेख आहे.

'हिट'चा भूलभुलैया

प्रथम एक शब्द नीट समजून घेऊ. "तुमच्या साइटला महिन्यात पन्नास हजार हिट मिळाले" असे कोणी सांगितले तर हुरळून जाऊ नये. पान उघडताना सर्व्हरकडून जितक्या फायली मागविल्या जातात, तितके हिट मोजले जातात. एका फ्लॅटच्या पानावर वीस फोटो असतील तर एका माणसाने ते पान एकदा उघडले तरी वीसपेक्षा जास्त हिट होतात. त्यात गूगलसारख्या शोधयंत्रांचे फिरते प्रोग्रॅम येतात, आणि आपल्याच ऑफिसातील पोरे दिवसातून दहा वेळा साइट उघडतात तीही येतात.

व्यापाऱ्याने विचारावयाचे प्रश्न वेगळे आहेत. किती वेगवेगळी माणसे आली? कोठून आली? कोणत्या इमारतीचे पान त्यांनी पाहिले? त्यांपैकी कितीजणांनी फोन किंवा व्हॉट्सअॅपचे बटण दाबले? आणि शेवटचा, सर्वांत मोलाचा प्रश्न: कितीजण प्रत्यक्ष घर बघायला आले?

मोजमापाची साधने, तीही फुकट

या प्रश्नांची उत्तरे देणारी साधने विनामूल्य मिळतात, हे पुष्कळांना ठाऊक नाही. 'गूगल अॅनालिटिक्स' हे त्यांतील मुख्य साधन. अर्चिन नावाची कंपनी विकत घेऊन गूगलने ते नोव्हेंबर २००५ मध्ये बाजारात आणले. त्याची जुनी आवृत्ती १ जुलै २०२३ पासून बंद झाली असून आता चौथी आवृत्ती चालते. ज्यांनी त्यापूर्वी वेबसाइट करून घेतली आणि नंतर लक्ष दिले नाही, त्यांच्या साइटवर मोजणी बंद पडलेली असण्याचा संभव आहे. ती तपासून घ्यावी.

या नव्या आवृत्तीत कामाची भेट कशास म्हणावे याचा नियम ठरलेला आहे. दहा सेकंदांहून अधिक वेळ थांबलेला, दोन किंवा अधिक पाने पाहिलेला, अथवा आपण महत्त्वाची ठरविलेली कृती केलेला पाहुणाच त्यात धरला जातो. एजंटासाठी महत्त्वाची कृती म्हणजे फोन, व्हॉट्सअॅप आणि चौकशीचा फॉर्म. व्हॉट्सअॅपच्या दुव्यावर कोणी बोट ठेवले तर बाहेर जाणारा दुवा म्हणून त्याची नोंद आपोआप होऊ शकते. फोनच्या बटणाची नोंद 'टॅग मॅनेजर' या साधनातून वेगळी बसवून घ्यावी लागते. त्याशिवाय ऑफिसातील आपल्या स्वतःच्या भेटी मोजणीतून वगळावयास सांगावे. आणखी एक गोष्ट: तपशीलवार माहिती दोनच महिने ठेवावी असे मूळ सेटिंग असते. ते चौदा महिन्यांवर न्यावे, म्हणजे गेल्या वर्षीच्या दिवाळीची या दिवाळीशी सविस्तर तुलना करता येईल.

दुसरे साधन 'गूगल सर्च कन्सोल'. लोकांनी गूगलवर कोणते शब्द टाकले तेव्हा आपली साइट दिसली, कितव्या क्रमांकावर दिसली आणि किती जणांनी ती उघडली, हे ते सोळा महिन्यांपर्यंतचे दाखविते. एजंटास यातून बाजाराची नाडी कळते. लोक "टू बीएचके" शोधत आहेत की "वन आरके", भाड्याने की विकत, स्टेशनजवळ की शाळेजवळ, हे त्या शब्दांतूनच दिसते. ज्या शब्दावर आपण पुष्कळदा दिसतो पण कोणी उघडत नाही, त्या पानाचे शीर्षक किंवा दिलेला भाव यांत काही खोट आहे असे समजावे.

तिसरे 'मायक्रोसॉफ्ट क्लॅरिटी', जे २०२० पासून सर्वांना खुले आहे. पाहुण्याचे बोट पानावर कोठे कोठे फिरले याचा नकाशा ते काढून देते. फोटोंपाशी सर्व थांबतात आणि फोन नंबरापर्यंत कोणी पोहोचत नाही असे दिसले, तर नंबर वर घ्यावा. एवढे साधे हे काम आहे.

आणि फोटोंचा आकार! मोबाइलवर काढलेला कित्येक एमबीचा फोटो जसाच्या तसा चढविला की पान उघडावयास वेळ लागतो. पानावरील मुख्य मजकूर किंवा चित्र अडीच सेकंदांच्या आत दिसावे, अशी गूगलची अपेक्षा आहे. स्वस्त फोन आणि कमी नेटवर्क असलेले गिऱ्हाईक तेवढ्यात कंटाळून निघून जाते, आणि आपल्याला वाटते की मंदी आहे.

दुव्याला खूण बांधा

धोब्याकडे शंभर घरचे कपडे येतात, तरी तो चुकत नाही, कारण प्रत्येक कपड्यावर त्याची खूण असते. आपण चार ठिकाणी जाहिरात देतो तेव्हा दुव्यालाही अशीच खूण बांधता येते. तिला 'यूटीएम' म्हणतात. फेसबुकवर टाकलेल्या दुव्याच्या शेपटीला एक खूण, व्हॉट्सअॅप ग्रुपच्या दुव्याला दुसरी, हँडबिलावर छापलेल्या क्यूआर कोडला तिसरी. मग पाहुणा कोणत्या दारातून आला हे अॅनालिटिक्समध्ये नावानिशी दिसते. खूण नसेल तर व्हॉट्सअॅपवरून आलेली बरीच माणसे "थेट आली" या खात्यात पडतात आणि ज्या ग्रुपने गिऱ्हाईक दिले त्याचे श्रेय कोणालाच मिळत नाही.

याच्या जोडीला एक साधी वही ठेवावी. फोन करणाऱ्याला "आपल्याला कुठून कळले?" एवढे विचारावे आणि लिहून ठेवावे. यंत्राला जे कळत नाही ते या वहीत सापडते.

आता हिशेब कसा फिरतो ते पाहा. समजा, एका एजंटाने महिन्यात फेसबुकवर ८,००० रुपये, पोर्टलवर १२,००० रुपये आणि गूगलच्या जाहिरातीवर ६,००० रुपये खर्च केले. फेसबुकवरून ८० चौकशा आल्या, पोर्टलवरून ४०, गूगलवरून २०. म्हणजे एका चौकशीला फेसबुकवर १०० रुपये पडले, इतर दोन्ही ठिकाणी ३००. फेसबुक स्वस्त वाटले. पण वही उघडली तर घर बघायला प्रत्यक्ष आलेली माणसे अशी: फेसबुकची ४, पोर्टलची १०, गूगलची ८. आता एका भेटीचा खर्च फेसबुकवर २,००० रुपये, पोर्टलवर १,२०० आणि गूगलवर ७५० रुपये झाला. जे सर्वांत स्वस्त वाटत होते तेच सर्वांत महाग निघाले. हे आकडे केवळ समजण्यासाठी घेतले आहेत. प्रत्येकाने आपले आकडे घालून हे गणित दर महिन्याला करावे. एका महिन्याच्या आकड्यांवरून मात्र जाहिरात बंद करू नये. घराचा सौदा भाजीसारखा एका दिवसात होत नाही, म्हणून तीन-चार महिन्यांचा कल पाहावा.

आखातातील गिऱ्हाईक

रत्नागिरी, रायगडकडची कितीतरी माणसे आखाती देशांत नोकरीला आहेत आणि घर मात्र इकडे घेतात. अॅनालिटिक्समध्ये देशवार यादी असते. तीत सौदी अरेबिया, कुवेत, कतार किंवा दुबईचे पाहुणे दिसत असतील तर त्यांच्या सवडीने धंदा करावा. सौदी, कुवेत, कतारचे घड्याळ आपल्यामागे अडीच तास, दुबईचे दीड तास. तिकडचा माणूस कामावरून येऊन रात्री नऊला मोबाइल हातात घेतो तेव्हा येथे साडेदहा किंवा साडेअकरा वाजलेले असतात. सौदीत शुक्रवार-शनिवार सुट्टी असते, तर अमिरातीत जानेवारी २०२२ पासून सरकारी कचेऱ्यांना शनिवार-रविवारची पूर्ण आणि शुक्रवारची अर्धी सुट्टी असते. जाहिरात त्या वेळी दिसेल अशी लावता येते.

त्यांना काय दाखवावे याचेही भान हवे. अनिवासी भारतीयास घर, दुकान घेता येते, परंतु शेतजमीन, मळा किंवा फार्महाऊस विकत घेण्यास परकीय चलनाच्या नियमांनुसार मुभा नाही. त्यांना शेतजमिनीची जाहिरात दाखविणे म्हणजे पैसा वाया घालविणे आणि त्यांच्या कष्टाची कमाई अडचणीत टाकणे.

जाहिरात आणि कायदा

येथे आमच्या एजंट बंधूंनी विशेष सावध राहावे. २०१६ चा रेरा कायदा १ मे २०१७ पासून पूर्णपणे लागू आहे. पाचशे चौरस मीटरहून मोठ्या जागेवरील आणि आठपेक्षा जास्त सदनिकांच्या नव्या प्रकल्पाची नोंदणी झाल्याशिवाय त्याची जाहिरात करता येत नाही, आणि वेबसाइट किंवा फेसबुक ही देखील जाहिरातच होय. अशा प्रकल्पातील घरे विकणाऱ्या एजंटानेही नोंदणी केली पाहिजे. न केल्यास दंड दिवसाला दहा हजार रुपये असून तो घराच्या किमतीच्या पाच टक्क्यांपर्यंत चढू शकतो. प्रकल्पाच्या जाहिरातीत महारेराचा नोंदणी क्रमांक आणि संकेतस्थळाचा पत्ता हवा, तसेच १ ऑगस्ट २०२३ पासून महाराष्ट्रात क्यूआर कोडही हवा. क्षेत्रफळ 'कार्पेट'चेच सांगावे, कारण तेच कायद्यात व्याख्या करून दिलेले आहे.

विकून झालेला स्वस्त फ्लॅट केवळ फोन यावेत म्हणून साइटवर ठेवण्याची एक वाईट चाल या धंद्यात पडली आहे. फोन येतात, चौकशीचा आकडा फुगतो, पण "तो आत्ताच गेला, दुसरा दाखवतो" हे ऐकलेले गिऱ्हाईक पुन्हा फिरकत नाही. जी सेवा द्यावयाची नाही तिची जाहिरात करणे एजंटास रेरा कायद्यानेही मना आहे. सौदा झाला की त्या दिवशीच पान उतरवावे.

तसेच चौकशी करणाऱ्याचा फोन नंबर ही आपल्याकडे ठेवलेली अमानत आहे. तो कर्जवाल्याला किंवा इंटिरिअरवाल्याला त्याच्या संमतीशिवाय विकू नये. वैयक्तिक माहितीच्या रक्षणासाठी संसदेने २०२३ साली स्वतंत्र कायदा केला, नोव्हेंबर २०२५ मध्ये त्याचे नियमही जाहीर झाले आणि तरतुदी टप्प्याटप्प्याने अमलात येत आहेत.

कारागिरांनीही पाहावे

घर विकले गेले की सुतार, रंगारी, फरशीवाला, प्लंबर यांचे काम सुरू होते. त्यांना वेबसाइटची गरज नाही. 'गूगल बिझनेस प्रोफाइल' फुकट उघडता येते, आणि दुकान नसेल तर घरचा पत्ता न दाखविता केवळ कोणत्या भागात काम करतो एवढे देता येते. केलेल्या कामाचे फोटो टाकावेत, समाधानी गिऱ्हाईकाला चार शब्द लिहावयास सांगावे. खोटे अभिप्राय मात्र लिहवून घेऊ नयेत. किती जणांनी त्या प्रोफाइलवरून फोन लावला हे तेथेच दिसते.

चाव्या आपल्या कमरेला

शेवटी सर्वांत महत्त्वाचे. वेबसाइटचे नाव म्हणजे डोमेन, अॅनालिटिक्स, सर्च कन्सोल, बिझनेस प्रोफाइल आणि जाहिरातीचे खाते, ही सर्व आपल्या स्वतःच्या ईमेलवर व आपल्या मालकीची असावीत. वेबसाइटवाल्याला काम करण्यापुरती परवानगी द्यावी. अनेक ठिकाणी सर्व काही त्या माणसाच्या नावावर असते. मग व्यवहार बिनसला की वर्षानुवर्षांची माहिती आणि प्रसंगी वेबसाइटचे नावही त्याच्याबरोबर जाते. दुकान आपले आणि कुलपाची चावी परक्याच्या खिशात, अशी ती गत होते.

या महिन्यात आमच्या वाचकांनी तीनच कामे करावीत. खाती कोणाच्या नावावर आहेत ते तपासावे, फोन व व्हॉट्सअॅपच्या बटणांची मोजणी लावून घ्यावी, आणि "कुठून कळले?" ही वही सुरू करावी. पुढच्या वेळी रंगीत कागद घेऊन कोणी आला की त्याला एवढेच विचारावे, "यातून घर बघायला किती आले?" उत्तर मिळाले तर चेक द्यावा.