वाटूरचा खेळाडू कोणत्या संघाचा?

खेळाला सीमा नसतात, असे भाषणात सांगतात. विद्यापीठाच्या संघाला मात्र सीमा असतेच! परतूर तालुक्यातील वाटूर हे गाव त्याची साक्ष आहे.

मराठवाड्यातील महाविद्यालये पूर्वी हैदराबादच्या उस्मानिया विद्यापीठाला जोडलेली होती. बाबासाहेबांनी १९५० साली औरंगाबादेत सुरू केलेले महाविद्यालयही त्यातच होते. २३ ऑगस्ट १९५८ रोजी मराठवाडा विद्यापीठ स्थापन झाले आणि मराठवाड्याला स्वतःचा संघ मिळाला. प्रदीर्घ लढ्यानंतर १४ जानेवारी १९९४ रोजी नामविस्तार झाला. संघालाही बाबासाहेबांचे नाव लाभले.

त्याच वर्षी १७ सप्टेंबरला नांदेडचे विद्यापीठ वेगळे झाले. नांदेड, लातूर, परभणीची महाविद्यालये तिकडे गेली. परतूर तालुका १९८१ पर्यंत परभणी जिल्ह्यात होता. तो जालना जिल्ह्यात आला, म्हणूनच औरंगाबादकडे राहिला. शेजारच्या जिंतूरचा सोबती मात्र प्रतिस्पर्धी झाला.

यात नुकसान काय? पश्चिम विभागीय आंतरविद्यापीठ स्पर्धेत प्रत्येक विद्यापीठाचा एका खेळात एकच संघ उतरतो. मराठवाड्याचे दोन संघ झाले, म्हणजे कबड्डी, खो-खोत खेड्यातील मुलामुलींना दुप्पट जागा झाल्या. पण महाविद्यालयाने आंतरमहाविद्यालयीन स्पर्धेला संघच पाठवला नाही, तर त्या जागा कुणाच्या?

क्रीडा शुल्क विद्यार्थी भरतो. मग संघ का गेला नाही, पैसा कुठे गेला, हे त्याने लेखी विचारलेच पाहिजे. नकाशा बदलला, नाव बदलले. आता मैदानावरचा हक्क मिळवायचा आहे.