खेळता खेळता बंद पडणारा संगणक

हिशेब, पत्रे, चित्रपट यांत कधी न कुरकुरणारा भाच्याचा संगणक खेळ सुरू होताच वीस मिनिटांत दिवा मालवावा तसा बंद पडे. दुरुस्तीवाल्याने नवा मदरबोर्ड सुचविला आणि ताईने मला विचारले, "मुदत ठेव मोडू का रे?"

खर्चापूर्वी निदान व्हावे. खेळात प्रोसेसर व ग्राफिक्स कार्ड दोन्हींवर मोठा भार पडतो. तापमान १०० अंश सेल्सिअसच्या आसपास पोहोचले की प्रोसेसर आधी वेग आवरतो, तरीही न भागल्यास स्वतःस वाचविण्यासाठी यंत्रच बंद करतो. काही वेळ खेळल्यानंतर बंद पडणे हे बहुधा उष्णतेचे लक्षण. दृश्य भारी होताच क्षणार्धात बंद पडणे हे बहुधा एसएमपीएस दुबळा असल्याचे. विंडोजमधील 'कर्नल-पॉवर ४१' ही नोंद यंत्र नीट बंद झाले नाही एवढेच सांगते, कारण नव्हे. अनेकजण तेथेच फसतात.

प्लग काढून आम्ही कॅबिनेट उघडले. पंख्याखाली धुळीची गादीच होती. थर्मल पेस्ट खडूसारखी वाळलेली. धूळ झाडून, जुनी पेस्ट पुसून नवी वाटाण्याएवढी लावली. एसएमपीएस मात्र आपण कधीही उघडू नये; प्लग काढल्यावरही त्यातील कपॅसिटरमध्ये घातक विद्युतभार राहू शकतो.

त्या संध्याकाळी भाचा तीन तास खेळला. ताई आता त्याबद्दल तक्रार करते. ठेव शाबूत आहे.