निळ्या काचेतला हिरवा दिवा

सेमाफोर सिग्नलच्या हाताला खांबाजवळच्या टोकाशी रंगीत काचा असायच्या. एक लाल. दुसरी दिवसा जवळून पाहिली, तर चक्क निळसर. मागे रॉकेलचा दिवा असे. रॉकेलची ज्योत पिवळी, त्यामुळे तिच्यापुढे ती निळसर काच आली की लांबून येणाऱ्या ड्रायव्हरला स्वच्छ हिरवा उजेड दिसायचा. संध्याकाळी लोखंडी शिडीवरून दिवा चढवणाऱ्या माणसाला निळी काच दिसे आणि मैलभर अंतरावरच्या ड्रायव्हरला हिरवा दिवा. ही गोष्ट समजल्यापासून रात्रीच्या रेल्वेच्या छायाचित्रांत मी आधी सिग्नल शोधतो, गाडी नंतर.

जुन्या छायाचित्रांत तो सापडतच नाही. एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीस प्रचारात आलेल्या ऑर्थोक्रोमॅटिक प्लेटला लाल रंग जवळपास दिसत नसे. म्हणजे रेल्वेतला सर्वांत महत्त्वाचा दिवा कॅमेऱ्याच्या लेखी अंधारच. लालसह सगळे रंग टिपणारी पँक्रोमॅटिक फिल्म रुळल्यावर ही अडचण सुटली, पण दुसरी राहिली. गाडी उजळायची तर भरपूर प्रकाश हवा, आणि सिग्नल तर स्वतःच प्रकाश आहे. एकाला सांभाळावं तर दुसरा हातचा जातो.

अमेरिकेत ओ. विन्स्टन लिंक यांनी १९५५ ते १९६० या काळात नॉरफोक अँड वेस्टर्न रेल्वेची शेवटची वाफेची इंजिनं रात्री टिपली. तारांनी जोडलेले ढीगभर फ्लॅशबल्ब एका क्षणी पेटवून ते अख्खं गाव उजळत. १९५६ सालचं त्यांचं सर्वांत गाजलेलं चित्र म्हणजे उघड्या चित्रपटगृहात मोटारीत बसलेली माणसं, पडद्यावर विमान आणि मागून धावणारी मालगाडी. फ्लॅशच्या लखलखाटात पडदा पांढराफटक पडला होता. विमानाचं दृश्य लिंकनी नंतर वेगळ्या निगेटिव्हवरून डार्करूममध्ये बसवलं. लिंक फार मोठे कलावंत होते, यात शंका नाही. तरी मला ही पद्धत मनापासून पटत नाही. जी वस्तू स्वतः उजळते, तिला फ्लॅश आधी मारतो.

आपल्याकडे तर फ्लॅशचा विचारही करू नये. लिंक यांच्यामागे रेल्वे कंपनी उभी होती. इथे अंधाराला सरावलेल्या लोको पायलटच्या डोळ्यांवर अचानक झोत टाकणं हा निव्वळ अविचार आहे. बॅटरी हलवून दृश्य 'रंगवण्याची' जी टूम हल्ली निघाली आहे, ती त्याहून वाईट. रेल्वेची १९७६ची सामान्य नियमावली छायाचित्रकारांनी वाचायलाच हवी. रात्री थांबण्याचा हातसिग्नल म्हणजे लाल दिवा, आणि तो नसेल तर जोरजोरात आडवा हलवलेला पांढरा दिवा. रुळाजवळ कौतुकानं बॅटरी ओवाळणारा माणूस नियमाच्या भाषेत गाडीला 'थांब' म्हणत असतो, आणि ते पाहून ब्रेक लावणं ड्रायव्हरला भाग आहे. हद्दीत विनापरवाना शिरणं हा १९८९च्या रेल्वे कायद्याच्या कलम १४७खाली गुन्हा आहेच, पण हे कारण मला त्याहून मोठं वाटतं.

मग उरतं ते सार्वजनिक रस्त्यावर किंवा उड्डाणपुलावर तिकाटणं रोवून शटर उघडं ठेवणं. पुणे–मिरज मार्गाबद्दल फार सांगायला नको. आदर्कीचं वळण, वाठार, माहुलीजवळचं सातारा स्टेशन, किर्लोस्करवाडी सगळ्यांच्या ओळखीची आहेत. वाफ गेली, मीटर गेज गेला, आता तर विजेच्या तारा आल्या. माझं मन रमतं ते मिरजेहून पूर्वेला. आरग, बेळंकी, सलगरे, कवठेमहांकाळ, ढालगाव, जत रोड. वाळवंट नव्हे, पण पाऊस जिथं पाठ फिरवतो असा हा माणदेशाच्या कडेचा पट्टा. म्हैसाळ योजनेच्या पाण्यानं आता काही ठिकाणी द्राक्षबागा उभ्या आहेत, तरी बाकी माळ तसाच उघडा. ढालगावच्या बाजूला पवनचक्क्यांचे लाल दिवे क्षितिजावर लुकलुकतात, आणि त्यांतून स्टेशनात शिरण्याआधीच्या होम सिग्नलचा लाल वेगळा काढायला नजर बसावी लागते.

इथं शटर उघडं ठेवलं, की डोळ्यांना एका वेळी कधीच न दिसणारी गोष्ट फिल्मवर उतरते. रंगीत दिव्यांच्या खांबावर हिरवा वर, पिवळा मध्ये आणि लाल खाली, ड्रायव्हरच्या नजरेच्या सर्वांत जवळ. स्टेशन सोडायची परवानगी देणारा स्टार्टर सिग्नल हिरवा असतो. इंजिन तो ओलांडतं आणि चाकं पुढच्या रुळावर चढताच सिग्नल लाल होतो. मिनिटभराच्या चित्रात एकाच खांबावर हिरवा आणि लाल दोन्ही जळताना दिसतात. परवानगी दिली आणि वापरून संपली, असा दोन्ही गोष्टींचा दाखला. शेवटच्या डब्याचा लुकलुकणारा लाल दिवा त्याच चित्रात ठिपक्यांची रेघ ओढत जातो. ठिपके जवळजवळ असतील तर गाडी हळू, लांब असतील तर वेगात. स्टेशनमास्तर याच दिव्यावरून आणि शेवटच्या डब्यावरच्या पाटीवरून गाडी पुरी आली, डबे मागे सुटले नाहीत, याची खात्री करतो.

मिरजेहून पूर्वेला जाणाऱ्या या मार्गाचा मूळ कर्ता एव्हरार्ड कॅल्थ्रॉप हा अभियंता होता. अडीच फुटी रुळांची बार्शी लाइट रेल्वे त्यानं १८९७ साली सुरू केली. एका आसावर पाच टनांहून अधिक भार नको, हे त्याचं तत्त्व. स्वस्त, हलके रूळ कोरड्या मुलखातही गाडी पोहोचवतील, हा हिशेब त्यामागं होता. पुढं याच माणसानं विमानातून उडी मारण्यासाठी 'गार्डियन एंजल' नावाचं पॅराशूट बनवलं. रूळ १९०६ साली पंढरपूरला, १९११ साली लातूरला आणि १९२७ साली मिरजेला पोहोचले. त्याच वर्षी कॅल्थ्रॉप वारला. आपल्याकडे त्याच्या नावाची आठवण फार थोड्यांना आहे, याचं मला वाईट वाटतं.

त्याच्या हिशेबाची खरी परीक्षा २०१६ साली झाली. लातूर पाण्यासाठी तळमळत होतं. राजस्थानात कोट्याला वाफेनं स्वच्छ केलेल्या टाकीच्या वाघिणी मिरजेत आल्या आणि ११ एप्रिलला दहा वाघिणींची पहिली गाडी सुमारे पाच लाख लिटर पाणी घेऊन निघाली. पुढं पन्नास वाघिणींच्या गाड्या धावल्या, प्रत्येकीत पंचवीस लाख लिटर. गेज बदलला होता, पण वाट तीच होती: मिरज, पंढरपूर, कुर्डुवाडी, बार्शी, लातूर. पहिली गाडी १२ तारखेला पहाटे पोहोचली, म्हणजे पंढरपुरापुढचा बराचसा प्रवास रात्रीचा.

वर्तमानपत्रांत टाक्यांची आणि भरणाऱ्या पाइपांची चित्रं पुष्कळ आली. मला हवं आहे ते वेगळं चित्र: एखाद्या लहान स्टेशनचा स्टार्टर हिरव्याचा लाल झालेला, आणि पुढं ठिपक्यांची लाल रेघ, भरल्या टाक्यांच्या संथ वेगामुळे एकमेकांना चिकटलेली. त्या उन्हाळ्यात सांगोल्याच्या किंवा कुर्डुवाडीच्या रस्त्यावर कुणी तिकाटणं लावून उभं राहिलं असेल, तर ती निगेटिव्ह किंवा ते कार्ड त्यानं जपून ठेवावं आणि छापायला द्यावं.